ड्रोनवरचा टॉवर: रेंज येईल, पण टिकेल का?

आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ४० फुटांवर गेली की इशारा, ४५ वर गेली की धोका. सांगलीत हे आकडे शाळकरी पोरांनाही पाठ असतात. पाणी कितीवर आलं की कुठला रस्ता बंद होणार, कुठल्या गल्लीत शिरणार, हे जुनी माणसं बसल्या जागी सांगतात. पण कितव्या फुटाला कुठल्या भागातला मोबाइल टॉवर बंद पडणार, हे मात्र गावात कुणाला विचारावं तर उत्तर मिळत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा गच्च्यांवर अडकलेली माणसं आणि बाहेरगावी जीव टांगणीला लागलेले त्यांचे नातेवाईक यांच्यात फोन हाच काय तो धागा उरला होता. बऱ्याच ठिकाणी तोही तुटला.

म्हणून हल्ली पावसाळा तोंडावर आला की एक प्रश्न हमखास ऐकू येतो. आता ड्रोन आलेत, उसावर फवारणीसुद्धा ड्रोनने होते, मग टॉवरच ड्रोनवर बसवून पूरग्रस्त गावांवर का उडवत नाहीत?

प्रश्न रास्त आहे आणि जगात हे झालेलंही आहे. सप्टेंबर २०१७ मध्ये मारिया चक्रीवादळाने पोर्तो रिको बेटावरचे जवळजवळ ९५ टक्के मोबाइल टॉवर बंद पाडले. तेव्हा एटी अँड टी कंपनीने केबलने जमिनीला बांधलेलं छोटं हेलिकॉप्टरसारखं ड्रोन २०० फुटांवर नेऊन तिथून फोरजी सेवा दिली. शंभरेक चौरस किलोमीटरपर्यंतचा परिसर आणि ८,००० पर्यंत माणसं त्याच्या आवाक्यात येतील, असं कंपनीने सांगितलं होतं. जुलै २०२१ मध्ये चीनच्या हेनान प्रांतात पूर आला, तेव्हा विंग लूंग जातीचं, २० मीटर पंखांचं भलंमोठं मानवरहित विमान आकाशात घिरट्या घालत सुमारे ५० चौरस किलोमीटरवर पाच तास नेटवर्क देत होतं. जपानमध्येही जानेवारी २०२४ च्या नोतो भूकंपानंतर केबलने बांधलेलं ड्रोन वापरलं गेलं.

म्हणजे जमतं. पण ‘जमतं’ आणि ‘भरवशाचं आहे’ यांत मोठं अंतर आहे. पुरात अडकलेल्या माणसाच्या दृष्टीने तेच अंतर महत्त्वाचं, म्हणून हा लेख त्या अंतराबद्दल आहे.

टॉवर मुळात बंद का पडतो?

पुरात टॉवर सहसा वाहून जात नाही. तो जागेवर उभाच असतो. आधी जाते ती वीज. पाण्यात बुडालेल्या भागाचा पुरवठा महावितरणला बंद ठेवावाच लागतो, नाहीतर माणसं शॉक लागून मरतील. मग टॉवर बॅटरीवर काही तास चालतो, पुढे डिझेल जनरेटरवर. रस्ते पाण्याखाली गेले की डिझेल पोचत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे ओएफसी, म्हणजे ऑप्टिकल फायबरची केबल. टॉवर हा एकटा काहीच करत नाही. तुमचा आवाज तो कंपनीच्या मुख्य नेटवर्ककडे पाठवतो, आणि त्या दुव्याला बॅकहॉल म्हणतात. हा एक शब्द लक्षात ठेवा, पुढे सारखा लागेल. ही केबल रस्त्याच्या कडेने आणि पुलांना धरून गेलेली असते. रस्ता खचला, पुलाजवळचा भराव गेला, की केबल तुटते. अशा वेळी कधी कधी फोनवर रेंजच्या दांड्या दिसतात, पण कॉल काही लागत नाही. टॉवर जिवंत आहे, त्याच्यामागचा रस्ता मेला आहे.

तिसरी अडचण गर्दीची. एका टॉवरवरचा भार एकाएकी कितीतरी पट वाढतो, कारण शेजारचे टॉवर बंद पडलेले असतात आणि पुण्या-मुंबईहून प्रत्येक घरात फोन येत असतो.

ड्रोनवरच्या टॉवरलासुद्धा हेच तीन प्रश्न चुकत नाहीत. त्यालाही वीज लागते, बॅकहॉल लागतो, आणि गर्दी त्याच्यावरही तुटून पडणार असते. शिवाय त्याला हवेत टिकून राहायचं असतं.

दांड्या दिसल्या म्हणजे भरवसा आला असं नाही

सिग्नलचा भरवसा मोजायची रीत साधी आहे. शंभर वेळा निरोप पाठवला तर किती वेळा तो वेळेत आणि धड पोचला? नेटवर्क ९९.९ टक्के वेळ चालू असतं असं कुणी सांगितलं, तर ऐकायला छान वाटतं; पण त्याचा अर्थ वर्षात पावणेनऊ तास बंद. ९९.९९९ टक्के म्हटलं तर वर्षात सव्वापाच मिनिटं. यात एक मेख आहे. पावणेनऊ तास वर्षभर थोडे थोडे विखुरलेले असले तर कुणाला पत्ताही लागत नाही. तेच पावणेनऊ तास पुराच्या एका रात्रीत सलग आले, तर टक्केवारी तीच राहते आणि माणसं संकटात सापडतात. आपत्तीत सरासरी कामाची नसते.

दुसरी मेख दांड्यांमध्येच आहे. फोनवरच्या दांड्या फक्त एवढंच सांगतात की टॉवरचं तुमच्या फोनला किती ऐकू येतंय. तुमचं टॉवरला ऐकू जातंय का, हे त्या सांगत नाहीत. टॉवर वीस-चाळीस वॅट ताकदीने बोलतो, तुमचा फोन जास्तीत जास्त ०.२ वॅटने. शंभर ते दोनशे पटींचा फरक. म्हणून बहुतेक वेळा आधी तुटते ती फोनकडून टॉवरकडे जाणारी बाजू. ‘हॅलो, हॅलो, तुझा आवाज येतोय, माझा येतोय का?’ असं आपण ओरडतो, ते याच कारणाने.

आणि कमजोर सिग्नलमध्ये फोन सतत पूर्ण ताकदीने बोलत राहतो, टॉवर शोधत राहतो, त्यामुळे बॅटरी भराभर उतरते. गच्चीवर चार्जिंगची सोय नसताना हे फार महाग पडतं. ड्रोन जवळ आणि मोकळ्या नजरेत असेल तर फोनला कमी ताकद लावावी लागते, बॅटरी जास्त वेळ पुरते. ड्रोनचा हा फायदा मला वेगापेक्षाही मोलाचा वाटतो.

हॅलोजन किती उंच बांधायचा?

गावच्या यात्रेत कुस्त्यांचं मैदान अंधार पडेपर्यंत चालतं. तेव्हा बांबूवर हॅलोजन चढवतात. तो माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर लावला तर पुढच्या रांगेतल्या लोकांच्या लांबच लांब सावल्या मागच्यांवर पडतात. वर चढवत गेलं की सावल्या आखूड होतात, मैदान उजळतं. पण फारच उंच नेला तर सावल्या जवळजवळ नाहीशा होतात, पण उजेडच पातळ होतो, कारण तोच प्रकाश मोठ्या जागेवर पसरतो. मधली कुठलीतरी उंची नेमकी.

मोबाइलच्या लहरी प्रकाशाच्याच जातीच्या आहेत, फक्त डोळ्याला दिसत नाहीत. त्यामुळे ड्रोनची उंची ठरवताना हाच हिशेब असतो. आकडे घेऊन पाहू. ३० मीटर उंचीचा टॉवर तीन किलोमीटरवर असेल, तर तुमच्याकडून पाहताना तो क्षितिजाच्या जेमतेम अर्धा अंश वर दिसतो. मध्ये दहा मीटर उंचीचं तीन मजली घर आलं तर त्याची ‘सावली’ सरळ रेषेच्या हिशेबाने एक किलोमीटर लांब पडते. ड्रोन १२० मीटरवर असेल तर तेच घर अडीचशे मीटरच अडवतं. लहरी कडांवरून थोड्या वाकतात, भिंतींवर आपटून फिरून येतात, त्यामुळे सावलीत अगदी ठार अंधार नसतो. पण भरवसा तिथेच ढासळतो.

२०१४ साली मेलबर्नच्या आरएमआयटी विद्यापीठातले अक्रम अल-हूरानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही नेमकी उंची गणिताने मांडली. त्यांच्या हिशेबात सर्वांत मोठा परिसर झाकायचा असेल तर त्या परिसराच्या कडेला उभ्या माणसाला ड्रोन किती अंशांवर दिसावं, हे वस्तीवर ठरतं. बैठ्या, विरळ वस्तीत सुमारे २० अंश पुरतात. दाट शहरात ५५ लागतात. उत्तुंग इमारतींमध्ये ७५, म्हणजे जवळजवळ डोक्यावर. वस्ती जितकी बैठी, तितकं एकच ड्रोन लांबवर पुरतं.

भारतात ड्रोन नियम २०२१ नुसार हिरव्या पट्ट्यात, म्हणजे एरवी मोकळीक असलेल्या भागातसुद्धा, ४०० फूट, म्हणजे १२० मीटरच्या वर जायला परवानगी लागते. आपत्तीत ती मिळेलही, पण आपण १२० मीटर धरून चालू.

आता आपला मुलूख पाहा. पलूस तालुक्याचा कृष्णाकाठ, भिलवडीपासून ब्रह्मनाळपर्यंत, पुढे सांगलवाडी, हरिपूर: सपाट जमीन, एक-दोन मजली घरं, मध्ये उसाचे फड. इथे १२० मीटरवरचं ड्रोन खरोखर लांबवर पोचू शकतं. २०१९ मध्ये ब्रह्मनाळला बोट उलटली, माणसं बुडाली. बोट कुठे आहे, किती माणसं चढवली आहेत, आणखी किती वाट पाहताहेत, हे एकमेकांना कळवायला नेटवर्क असणं म्हणजे काय, हे त्या काठावरच्या माणसांना सांगायची गरज नाही.

साताऱ्याच्या पश्चिमेला मात्र चित्र उलटं आहे. कोयनेच्या शिवसागर जलाशयाभोवती, बामणोली-तापोळ्याकडे, कांदाटी खोऱ्यात डोंगराच्या सोंडा दरीच्या तळापासून काहीशे मीटर उठतात. दरीतून उडवलेलं ड्रोन १२० मीटर चढलं तरी दरीतच राहतं. त्या एका खोऱ्याला रेंज मिळेल, सोंडेपलीकडच्या वाडीला नाही. मग ड्रोन पठारावरून उडवावं म्हटलं, तर पठारावर वारा. चाळकेवाडीला पवनचक्क्या उगाच उभ्या केलेल्या नाहीत. लहरींसाठी जी जागा सर्वांत चांगली, तीच ड्रोनला टिकून राहायला सर्वांत अवघड.

गच्चीवर रेंज, घरात नाही

भिंत किती सिग्नल खाते हे डेसिबलमध्ये सांगतात. दहा डेसिबल घट म्हणजे दहावा हिस्सा उरला, वीस म्हणजे शंभरावा. साधी भिंत किंवा स्लॅब दहा ते वीस डेसिबल सहज खातो. जमिनीवरच्या टॉवरचा सिग्नल आडवा येतो, खिडकीतून शिरतो. ड्रोन डोक्यावर असेल तर सिग्नल वरून येतो आणि त्याच्या वाटेत खिडकी नसते, स्लॅब असतो. पत्र्याचं छप्पर असेल तर आणखी वाईट, कारण धातू लहरी आत जाऊच देत नाही, परतवून लावतो. पाटण तालुक्यातल्या डोंगरवाड्यांमध्ये पत्र्याची घरं किती आहेत ते तिथे गेलेल्याला माहीत आहे. त्यामुळे ड्रोनचं नेटवर्क हे मुख्यतः उघड्यावरच्या माणसाचं नेटवर्क आहे. पुरात माणसं गच्चीवर असतात, म्हणून सांगलीत ते चालून जातं.

अगदी ड्रोनच्या खाली उभं राहिलं की उत्तम रेंज मिळेल, हाही समज खरा नाही. साधा उभा अँटेना आजूबाजूला जोरात बोलतो आणि बरोबर खाली सर्वांत कमी. दिव्याखाली अंधार, तसंच. म्हणून ड्रोनसाठी खाली तोंड असलेला वेगळा अँटेना लागतो.

आणखी एक गोष्ट घरी करून पाहता येईल. रेंज कमी असलेल्या खोलीत फोन टेबलावर ठेवा आणि चार बोटं सरकवा. कधी कधी तेवढ्यानेही कॉल सुधारतो किंवा तुटतो. कारण असं की एकच सिग्नल थेट आणि भिंतींवर आपटून अशा अनेक वाटांनी येतो. कुठे त्या लहरी एकमेकींना साथ देतात, कुठे एकमेकींना मारतात. १८०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात एका लहरीची लांबी साधारण १७ सेंटीमीटर, त्यामुळे आठ सेंटीमीटरवर परिस्थिती पालटू शकते. या चढउतारांवर उपाय म्हणजे दोन अँटेने थोड्या अंतरावर लावणं, कारण एक नेमका पडलेल्या जागी असेल तर दुसरा बहुधा नसतो. आणि चुकलेला निरोप लगेच पुन्हा मागवणं. फोरजी-फाइव्हजीमध्ये या दोन्ही गोष्टी आधीच असतात. ड्रोनची थेट नजर जितकी मोकळी, तितके हे चढउतार सौम्य. इथे उडता टॉवर जमिनीवरच्यापेक्षा खरोखरच सरस ठरतो.

ड्रोन हलतं, त्याने बिघडत नाही का?

फोनच्या बाजूने फारसं नाही. मोबाइलची यंत्रणा ताशी ३५० किलोमीटरने धावणाऱ्या रेल्वेतल्या माणसालाही सांभाळायची, हे धरून आखलेली आहे. जागेवर डोलणारं ड्रोन तिला सहज पेलतं. हलण्याचा त्रास होतो तो बॅकहॉलला. तिथे अरुंद झोत लांबच्या ताटलीवर, म्हणजे डिश अँटेनावर, नेमका धरायचा असतो. ड्रोन दोन-तीन अंश झुकलं की झोत ताटली सोडून जातो.

उंचावरून बोलण्याचा उपद्रव

हा मुद्दा लोकांच्या लक्षात येत नाही. सपाट मुलखात ३० मीटरवरून रेडिओ लहरींचं क्षितिज साधारण २२ किलोमीटरवर असतं, १२० मीटरवरून ४५. म्हणजे भिलवडीवर उडणारं ड्रोन सांगली-मिरजेतल्या चालू टॉवरांच्याही नजरेत येतं. त्याचा सिग्नल त्यांच्या कामात लुडबुड करू शकतो, आणि त्यालाही दहा गावांचे फोन एकदम ऐकू येऊन गलका होतो. मोबाइलचे जागतिक नियम ठरवणाऱ्या थ्रीजीपीपी या संस्थेने २०१७-१८ च्या सुमारास हवेतल्या फोनचा अभ्यास केला, त्यातही हीच अडचण ठळकपणे पुढे आली. वर चढलं की खूप टॉवर एकदम दिसतात आणि कुणाचंच धड ऐकू येत नाही.

सगळा परिसर बंद असेल तर ड्रोन निर्धास्त बोलू शकतं. अर्धे टॉवर चालू, अर्धे बंद, अशा वेळी मात्र कंपन्यांनी आपसात बसून ताकद, दिशा आणि पट्टा ठरवावा लागतो. यावरून दुसरी गोष्ट आठवते. आपत्तीत दूरसंचार विभाग इंट्रा-सर्कल रोमिंग सुरू करायला लावू शकतो, म्हणजे एका कंपनीचं सिम दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवर चालतं. ड्रोन एकाच कंपनीचं असेल आणि ही सोय चालू केलेली नसेल, तर गच्चीवरच्या निम्म्या माणसांना त्याचा उपयोग शून्य. यात विज्ञान काहीच अडत नाही, अडतो तो कागद.

खरी कमजोर कडी

इथवर सगळं हवेतल्या लहरींबद्दल झालं. पण ड्रोनच्या बाबतीत भरवसा बहुतेकदा मोडतो तो वीज, बॅकहॉल आणि वाऱ्यापाशी.

साधं बॅटरीवरचं चार पंख्यांचं ड्रोन अर्धा-पाऊण तास उडतं. वर रेडिओचं वजन चढवलं की त्याहून कमी. फवारणीची टाकी भरलेलं ड्रोन दहा-पंधरा मिनिटांत उतरतं, हे शेतकऱ्यांनी पाहिलेलं आहे. दर वीस मिनिटांनी उतरणारा टॉवर म्हणजे दर वीस मिनिटांनी तुटणारा कॉल. दोन ड्रोन आळीपाळीने उडवता येतात, पण प्रत्येक अदलाबदलीत शेकडो फोन एकदम या ड्रोनवरून त्या ड्रोनवर जायला धडपडतात.

म्हणून आपत्तीत बहुतेक ठिकाणी केबलने बांधलेलं ड्रोन वापरतात. त्याची रचना पाहण्यासारखी आहे. खाली गाडीत जनरेटर, केबलचं मोठं रीळ आणि ते आपोआप गुंडाळणारी-सोडणारी मोटर. वर नुसतं तरंगत राहायलाच ड्रोनला एक-दोन किलोवॅट लागतात. एवढी वीज कमी व्होल्टेजने पाठवायची तर तांब्याची जाड तार लागेल आणि ड्रोन ती उचलू शकणार नाही. म्हणून खालून काहीशे व्होल्टने वीज पाठवतात. व्होल्टेज जास्त की करंट कमी, करंट कमी की तार बारीक. ड्रोनमध्ये ती पुन्हा उतरवून घेतात. त्याच केबलमध्ये ऑप्टिकल फायबरचा बारीक धागा असतो, म्हणजे जमिनीपर्यंतचा दुवाही हवेतल्या झोतावर अवलंबून राहत नाही. जनरेटरला डिझेल मिळत राहिलं तर असं ड्रोन तासन्‌तास वर राहतं. केबल तुटली तर सुखरूप उतरण्यापुरती छोटी बॅटरी वर असते.

पण फायबर गाडीपर्यंत आला, पुढे काय? गाडीपासून मुख्य नेटवर्कपर्यंतचा दुवा राहतोच. जवळ शाबूत ओएफसी असेल तर प्रश्न मिटला. नाहीतर मायक्रोवेव्हची ताटली किंवा उपग्रह. ३६,००० किलोमीटरवरच्या उपग्रहातून आवाज पोचायला पाव सेकंद लागतो. बोलणं जरा अडखळतं, पण होतं. साडेपाचशे किलोमीटरवरच्या नव्या उपग्रहांमध्ये तो उशीर जाणवत नाही.

पावसाचं काय? २२-२३ जुलै २०२१ च्या चोवीस तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. असा पाऊससुद्धा फोन वापरतो त्या एक-दोन गिगाहर्ट्झच्या लहरींना जवळपास काही करत नाही. ओली झाडं आणि ओला ऊस मात्र त्यांना खातात. बॅकहॉलच्या बऱ्याच ताटल्या दहा गिगाहर्ट्झच्या वर चालतात, तिथे मुसळधार पाऊस सिग्नल गिळतो. आणि छोट्या ड्रोनला त्या पावसात, त्या वाऱ्यात उडताच येत नाही. त्याच रात्री पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळ्यावर डोंगर कोसळला. रस्ते बंद होते, मदत पोचायला वेळ लागला. त्या रात्री छोटं ड्रोन उडालं नसतं, हे स्पष्ट म्हणायला हवं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वारा पडल्यावर, शोधकार्य चालू असताना, त्याचा उपयोग झाला असता.

या कड्यांचा एकत्रित हिशेब असा असतो. समजा वीज ९५ टक्के भरवशाची, बॅकहॉल ९५ टक्के, फोनपर्यंतचा सिग्नल ९५ टक्के. तिन्ही एकदम चालण्याची शक्यता ९५ नाही, सुमारे ८६ टक्के. प्रत्येक नवी कडी भरवसा खाते. उलट, एकाच कामासाठी दोन वेगळ्या वाटा ठेवल्या आणि प्रत्येक वाट दहापैकी एकदा फसत असली, तर दोन्ही एकदम फसण्याची पाळी शंभरात एकदाच येते. अट एकच: दोन्ही वाटा वेगवेगळ्या कारणांनी फसायला हव्यात. एकाच वाऱ्यात दोन ड्रोन उभी केली तर ती एकदमच उतरतील. ड्रोनच्या जोडीला पोलिसांचे वायरलेस सेट आणि हॅम रेडिओ, म्हणजे परवाना घेतलेल्या हौशी मंडळींचे रेडिओ संच, असतील तर मात्र हिशेब जमतो. २००१ च्या भूज भूकंपात हॅम रेडिओवाल्यांनी निरोप पोचवले होते, ते उगाच नाही.

मग जास्तीचे टॉवरच का बांधत नाहीत?

बांधायलाच हवेत. जिथे बारा महिने रेंज नाही, तिथला उपाय ड्रोन नव्हे. केंद्राने जुलै २०२२ मध्ये नेटवर्क नसलेल्या २४,६८० गावांसाठी २६,३१६ कोटींची फोरजी योजना मंजूर केली, खरी वाट ती आहे. हवेतून कायमचं इंटरनेट द्यायचे मोठे प्रयोग टिकले नाहीत. गूगलच्या मूळ कंपनीचा लून हा फुग्यांचा प्रकल्प केनियात सेवा सुरू केल्यावरही जानेवारी २०२१ मध्ये गुंडाळायचा निर्णय झाला, कारण खर्च परवडेना. उडतं नेटवर्क हे थोड्या दिवसांचं काम आहे.

उपग्रहावरून थेट फोनला सिग्नल मिळणार आहे ना, असंही विचारलं जातं. अंतर पाहा. तीन किलोमीटरवरचं ड्रोन आणि पाचशे किलोमीटरवरचा उपग्रह यांत अंतर पावणेदोनशे पटींच्या घरात, पण सिग्नल अंतराच्या वर्गाने घटतो, म्हणजे उपग्रहापर्यंत पोचताना तो सुमारे अठ्ठावीस हजार पट जास्त क्षीण होतो. मोठमोठे अँटेने लावून यावर मात करतात, आणि उघड्यावर छोटे निरोप जातातही. गावभर लोकांनी एकदम बोलणं अजून दूर आहे.

आणि कुणी उत्साहाने आपल्याच ड्रोनवर बाजारातला रेंज वाढवणारा बूस्टर बांधून उडवावा, हे कृपा करून करू नका. परवान्याशिवाय बूस्टर लावणं बेकायदा आहे, आणि १२० मीटरवर तो चालवला तर आजूबाजूच्या शाबूत टॉवरांचीही वाट लागेल. मदतीच्या हेतूने केलेलं काम बचावपथकाचा फोन बंद पाडेल.

जिल्ह्याने काय करावं, आपण काय करावं

माझं मत सांगतो. सांगलीच्या पूरपट्ट्यासाठी केबलवालं ड्रोन ही गंभीरपणे घेण्याजोगी गोष्ट आहे. पूर हळूहळू चढतो, कोयना-वारणेचा विसर्ग आधी कळतो, जमीन सपाट आहे, आणि विश्रामबागेसारख्या उंच भागात गाडी कोरड्या जागी उभी करता येते. एक गाडी सांगलीत, एक कराडात, जूनच्या आधी. पण तिची रंगीत तालीम झाली पाहिजे: बॅकहॉल कुठून घ्यायचा, परवानगी कुणी द्यायची, रोमिंग कुणी चालू करायचं, हे पाणी चढल्यावर शोधत बसायचं नाही. आणि तिच्याही आधी, कुठला टॉवर किती फुटांवर बुडतो आणि त्याची केबल कुठल्या पुलावरून जाते, याची यादी जिल्हा प्रशासनाने कंपन्यांकडून मागून घ्यावी. याला ड्रोनच्या मानाने काहीच खर्च नाही. जावळी-पाटणच्या डोंगरात मात्र पैसे आधी टॉवरच्या मोठ्या बॅटऱ्या, दुसऱ्या वाटेने नेलेली केबल आणि प्रत्येक वाडीत एक वायरलेस सेट यांवर लावावेत.

ड्रोनवरून आधी काय पाठवायचं, याचाही क्रम हवा. सर्वांत भरवशाचा असतो तो सगळ्या फोनवर एकदम येणारा इशारा, जो कर्कश आवाजासह स्क्रीनवर झळकतो. तो एका दिशेनेच येतो, तुमच्या फोनच्या ०.२ वॅटची त्याला गरज नसते आणि गर्दीने तो अडत नाही. त्यानंतर एसएमएस, मग बोलणं. व्हिडिओ कॉल सर्वांत शेवटी, कारण एका व्हिडिओच्या जागेत कितीतरी साधे कॉल मावतात.

आणि आपल्यापाशी असं नेटवर्क कधी आलंच, तर फोनमध्ये रोमिंग चालू करा, नेटवर्क आपोआप निवडलं जाईल असं ठेवा. एकदा विमान मोड लावून काढा म्हणजे फोन नव्याने शोध घेईल. पत्र्याखालून किंवा स्लॅबखालून बाहेर या. गच्चीवर उभे राहून आधी एसएमएस करा: कुठे आहात, किती जण आहात, कुणाला औषध लागतंय. उत्तर आलं नाही तरी लगेच दहा वेळा कॉल लावू नका, दोन-तीन मिनिटं थांबून पुन्हा एसएमएस करा. घरात चार फोन असतील तर तीन बंद करून ठेवा.